आमच्या घरातील शिपायाचा शोध

आमच्या मामंजींचे थोरले काका पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या बाजूस लढाईवर गेले, ते परत आले नाहीत. घरात एवढेच ठाऊक होते. गावाला मात्र याहून बरेच ठाऊक असे! त्यांनी तिकडे दुसरे बिऱ्हाड केले, असे कोणीतरी म्हटले आणि तेच पुढे चालत राहिले. थोरली काकी १९६८ साली वारली. तोवर तिने कपाळीचे कुंकू पुसले नाही, आणि त्या कुंकवावरूनही तिने बोलणी खाल्ली.

देव्हाऱ्यात एक चांदीचे पदक होते. दर दसऱ्याला ते चिंचेने घासायचे, पुन्हा ठेवायचे. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे आहेत, हे गेल्या वर्षी नातवाने भिंगातून पाहिले. त्या युद्धातील पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण कोरीत असत. आमच्या पदकावर ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री निघाली. ज्यांच्या घरी असे पदक असेल त्यांनी घासताना कड जरा जपावी.

दोन्ही महायुद्धांतील सुमारे सतरा लाख मृतांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने इंटरनेटवर ठेवली आहे. ती पाहण्यास एक पैसा पडत नाही. नावाने शोधता काही सापडेना, कारण इंग्रज कारकुनाने आपली नावे कानाला येतील तशी लिहिली. मग नाव सोडून पलटण आणि ‘रत्नागिरी’ एवढेच घातले. (मालवण, कुडाळ हे तालुके १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते.) एकामागून एक कोकणातली गावे पुढे आली. चौथ्या दिवशी आमचे गाव आले, त्यापुढे पणजेसासऱ्यांचे नाव, आणि नंबर पदकावरचाच!

मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५. त्या दिवशी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने बगदादच्या अलीकडे, तैग्रिस नदीकाठी, टेसिफॉन येथे तुर्कांवर हल्ला केला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. साडेचार हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली, बगदाद हाती आले नाही, आणि उरलेले सैन्य मागे हटून कूत येथे वेढ्यात सापडले. ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. तेथे अधिकाऱ्यांची नावे कोरली. हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. नावे वहीत राहिली. ज्या राज्यासाठी ते मेले त्याला दगडावर तेवढी जागा सापडू नये, याचा मला राग येतो.

सासूबाईंना नव्वदी उलटली आहे. त्यांना सारे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “तिथी कोणती गं?”

नातवाने पाहून सांगितले. आदल्या रात्री त्रिपुरी पौर्णिमा होती. त्या चांदण्यातच फौज चालून गेली होती.

सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “काकी दर त्रिपुरीला देवळात एक पणती जास्त लावायची. मी आपली तेल मोजत बसायचे.”