जुन्या ब्रिटिश मोटारींचे क्लच : नाम, माप आणि नाते

यंत्रांच्या इतिहासलेखनात सुट्या भागांकडे सहसा दुर्लक्ष होते. मोटारीचे नाव, निर्मितीचे वर्ष आणि वेग यांची नोंद ठेवली जाते. परंतु कारखाना सोडल्यावर ती पुढे कशाच्या बळावर चालली, याचे उत्तर तिच्या झिजलेल्या भागांच्या जागी काय बसविले गेले, यातच मिळते. पुण्यामुंबईकडील हौशी मंडळींनी जतन केलेल्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारींच्या बाबतीत क्लच हा असा एक बोलका पुरावा आहे.

क्लचचे मुख्य घटक तीन : घर्षणाचे अस्तर असलेली क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबताच तो दाब काढून घेणारे रिलीज बेअरिंग. एम. जी. ए. मोटारीत हे बेअरिंग कार्बनच्या कड्याचे असते. घाटात पाय पेडलवर टेकवून ठेवण्याच्या सवयीने ते अकाली झिजते.

१९५३ च्या जकात आयोगाच्या अहवालानंतर, देशात प्रत्यक्ष उत्पादनाची योजना नसलेल्या कंपन्यांना केवळ जुळणीचे काम चालू ठेवणे अशक्य झाले. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील जुळणी बंद केली. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी मोटारींचे भागही दुर्मीळ होत गेले. अशा वेळी पर्याय शोधावा लागला तो देशी मोटारींतच.

हा शोध निराधार नव्हता. १९५२ मध्ये मॉरिस व ऑस्टिन या घराण्यांचे एकत्रीकरण होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याचे १४८९ घनसेंटिमीटरचे ‘बी’ श्रेणीचे इंजिन १९५५ च्या एम. जी. ए. मध्ये बसविले गेले. आणि उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९५९ पासून त्याच श्रेणीचे, त्याच क्षमतेचे इंजिन अ‍ॅम्बॅसडरला दिले. म्हणजे हौसेची दोन आसनी मोटार आणि सरकारी कचेरीसमोर उभी असणारी मोटार या रक्ताच्या नात्यातील ठरतात. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले, त्यामुळे नाना पेठेतील दुकानांत किंवा बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात या कुळाचे भाग शोधण्यास आधार होता.

तथापि इंजिनाचे नाते म्हणजे क्लचचे नाते नव्हे. क्लच हा इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर असतो. प्लेटचा व्यास आणि प्रेशर प्लेटच्या बोल्टांची छिद्रे फ्लायव्हीलशी जुळावी लागतात, तर प्लेटच्या मध्यावरील दाते गिअरबॉक्सच्या दांड्याशी. या दोन मोटारींचे गिअरबॉक्स सारखे नाहीत. म्हणून व्यास, दात्यांची संख्या व आकार आणि छिद्रांमधील अंतर ही तिन्ही मापे घेतल्यावाचून निवड करणे धोक्याचे ठरते.

उलटपक्षी, नाम एक असूनही वस्तू भिन्न असू शकते. १९४९ ते १९५३ या काळातील एम. जी. टी. डी. चा क्लच प्रारंभी सव्वासात इंची होता, पुढे ‘टी. डी. २’ अशी अक्षरे असलेल्या इंजिनांत तो आठ इंची झाला. एम. जी. ए. व १९६२ ची एम. जी. बी. या दोहोंचे क्लच आठ इंचीच. परंतु पहिल्यात दाब देणाऱ्या गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत आणि दुसरीत पातळ तबकडीसारखी एकच स्प्रिंग. शिवाय अनेक मोटारींची इंजिने मध्यंतरी बदलली गेली आहेत. सबब नोंदणीपुस्तकापेक्षा इंजिनावर कोरलेला क्रमांक आणि त्याहूनही उतरविलेली जुनी प्लेट हाच अधिक विश्वसनीय दाखला होय.

१९९१ नंतर आयातीचे निर्बंध क्रमाने शिथिल झाले आणि इंग्लंडमध्ये नव्याने घडविलेले भागही मागविता येऊ लागले. तेव्हापासून प्रश्न दुर्मिळतेचा नसून तारतम्याचा झाला आहे. जुन्या साठ्यातील न वापरलेली प्लेट अस्सल असली तरी तिच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. कामगाराने ती हवेच्या झोताने उडविता कामा नये. हायड्रॉलिक सिलिंडरची रबरी वायसरे फळीवर पडूनही कडक होतात. या दोन बाबतींत अस्सलपणाहून नवेपणा श्रेयस्कर होय.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था केली. त्यामुळे मूळ स्वरूप कशाला म्हणावे, या विचाराला व्यावहारिक महत्त्व आले आहे. क्लच हा स्वभावतःच झिजणारा भाग असल्याने त्यात मूळपणाचा आग्रह गैरलागू ठरतो. मूळ मापे राखली म्हणजे पुरे. मात्र पुण्यातील कारागिराने पुन्हा अस्तर रिव्हेट करून वापरात आणलेली जुनी प्लेट उतरवल्यावर भंगारात जाऊ नये. मापे व तारीख लिहून ती जपली गेली, तर टंचाईच्या त्या दशकांत ही मोटार कोणाच्या कौशल्याने चालली, याचा दाखला शिल्लक राहील. असा दाखला अन्यत्र क्वचितच सापडतो.