हवेतून आलेला युरिया हवेतच गेला



मागच्या जुलैत, पाऊस येईल या भरवशावर पऱ्हाटीत दोन बॅगा युरिया वरूनच फोकला. थोडी भुरभुर आली, दाणे विरघळले, अन् मग आठ दिवस कडक ऊन. पऱ्हाटी पिवळी ती पिवळीच. मग युरिया गेला कुठं? हे समजायला त्याचा इतिहास पाहावा लागते.

युरिया म्हणजे जनावराच्या मुतातलाच पदार्थ. १८२८ मध्ये फ्रेडरिक वोलर या जर्मन शास्त्रज्ञानं तो प्रयोगशाळेत बनवला. पण खत म्हणून बनवायला ढिगानं अमोनिया पाहिजे होता. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पऱ्हाटीला ते सरळ घेता येत नाही. हाबर अन् बॉश यांच्या पद्धतीनं १९१३ पासून जर्मनीतल्या कारखान्यात हवेतलं नत्र अन् हायड्रोजन प्रचंड दाबाखाली जोडून अमोनिया निघू लागला. त्याला कार्बन डायऑक्साइडसोबत पुन्हा दाब अन् उष्णता दिली की युरिया. वितळलेला युरिया उंच मनोऱ्यावरून फवारतात, खाली पडता पडता त्याचे पांढरे दाणे होतात. आपल्याकडे अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना उभा राहिला तो मुंबई हायच्या, समुद्रातल्या गॅसवर.

आमच्या बाबांच्या पिढीला युरियाची गोडी लागली ती संकरित ज्वारीनं. १९६४ मध्ये सीएसएच-१ आली. देशी ज्वारी उंच, जास्त खतानं लोळायची. ही बुटकी, उभी राहायची. तेव्हापासून ‘एकरी एक बॅग’ हे माप आमच्या घरात बसलं. २०१८ मध्ये बॅग ५० ची ४५ किलो झाली. ४६ टक्क्यांनं नत्र २३ किलोचं २०.७ वर आलं. आम्ही मात्र अजून बॅगाच मोजतो.

आता माझ्या वावराचा हिशोब. आपली काळी माती चुनखडीची. वर पडलेला युरिया ओलीत फुटतो, त्याचा परत अमोनिया होतो अन् उडून जातो. कडुनिंबाचं तेल लावलेला होता, पण ते तेल पुढची, पाण्यासोबत होणारी गळती कमी करते. हे उडणं थांबवत नाही. एवढा गॅस खर्चून हवेतून पकडलेलं नत्र मी आठ दिवसांत हवेला परत केलं!

यंदा दोन हप्ते केले. ओल पाहून झाडाजवळ दिला, अन् मागोमाग डवरा फिरवून मातीआड केला. तुम्ही कसा देता, सांगा.