पंचवीस माणसांचं गाव आणि त्याची सनद : मिडल्सबरोची गोष्ट



जुन्या मुंबई इलाख्यात वाढलेल्या आजोबांच्या तोंडून ‘बरो म्युनिसिपालिटी’ हा शब्द तुम्ही कदाचित ऐकला असेल. १९२५ साली इलाख्यात त्या नावाचा कायदाच झाला होता. हा ‘बरो’ आला इंग्लंडातून. बरो म्हणजे सनद मिळालेलं, आपला कारभार आपण पाहणारं शहर. आज आपण अशाच एका बरोची गोष्ट पाहू.

ईशान्य इंग्लंडात टीस नदीच्या काठी मिडल्सबरो आहे. १८०१ च्या शिरगणतीत तिथे माणसं होती अवघी २५. नावात ‘बरो’ होता, पण नगरपालिकेचा पत्ता नव्हता.

१८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली. खाणींतला कोळसा जहाजात भरायला खोल पाण्याचं बंदर हवं होतं. म्हणून १८२९ मध्ये जोसेफ पीस आणि त्यांच्या भागीदारांनी इथली सुमारे ५०० एकर जमीन विकत घेतली. मध्ये चौक आणि भोवती काटकोनातले रस्ते, असा नकाशा त्यांनी आखला. पुढच्याच वर्षी रेल्वे तिथे पोचली. म्हणजे हे गाव वसवलं राजानं नाही, धर्मपीठानंही नाही. ते वसवलं एका भागीदारीनं.

१८४१ मध्ये वस्ती पाच हजारांच्या वर गेली. आता रस्ते कोणी बांधायचे? दिवे कोणी लावायचे? घाण कोणी उचलायची? जमीनमालक प्लॉट विकून मोकळे होतात. गटार मात्र रोज वाहतं. त्याच वर्षी पार्लमेंटनं खास कायदा करून ‘सुधारणा आयुक्त’ नेमले. फरसबंदी, दिवाबत्ती, साफसफाई, पहारा ही त्यांची कामं.

मग १८५० साल उजाडलं. जॉन वॉन यांना जवळच्या एस्टन टेकड्यांत लोहखनिजाचा मोठा थर सापडला. वॉन आणि त्यांचे जर्मनीत जन्मलेले भागीदार हेन्री बोल्को यांच्या भट्ट्या धडधडू लागल्या. मजुरांचे लोंढे आले, आयर्लंडमधूनही आले. १८६२ मध्ये ग्लॅडस्टन इथे आले, तेव्हा त्यांनी या शहराला बाल हर्क्युलसची उपमा दिली.

इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्यानं १७८ जुन्या बरोंतला मूठभर घराण्यांचा कारभार मोडला आणि कर भरणाऱ्यांनी निवडलेली कौन्सिलं आणली. नव्या शहरांनाही सनद मागता येऊ लागली. मिडल्सबरोला ती १८५३ मध्ये मिळाली. पहिला महापौर कोण? हेन्री बोल्को!

इथे जरा थांबू. गावातला सगळ्यात मोठा कारखानदार तोच गावाचा महापौर, आणि १८६८ पासून तोच खासदार. त्यांनी गावाला अल्बर्ट पार्क दिलं, हे खरंच. पण ज्याच्या भट्टीचा धूर गावावर पसरतो, त्याच्याच हाती गावाचा कारभार असला तर धुराची तक्रार कोणाकडे करायची? हा प्रश्न आपल्याकडच्या कारखान्यांच्या गावांनाही ओळखीचा वाटेल.

तरीही सनदेनं एक गोष्ट साधली. माणसं गेली, कौन्सिल उरलं. १८७८ मध्ये बोल्को वारले. १८८९ मध्ये शहराला काउंटी बरोचा दर्जा मिळाला, म्हणजे जिल्ह्याचेही अधिकार आले. त्याच वर्षी नवा टाउन हॉल उघडला. १९०१ मध्ये लोकसंख्या ९१,३०२ झाली. १९११ मध्ये टीस नदीवर ट्रान्सपोर्टर पूल उभा राहिला. त्यात टांगता पाळणा २०१९ पर्यंत माणसांना आणि वाहनांना पलीकडे नेत असे.

विसाव्या शतकात सीमाच हलू लागल्या. १९६८ मध्ये शेजारची गावं जोडून ‘टीसाइड’ झालं. ते जेमतेम सहा वर्षं टिकलं. १९७४ मध्ये मिडल्सबरो क्लीव्हलँड काउंटीतला एक जिल्हा-बरो बनलं. शाळा आणि मोठे रस्ते काउंटीकडे, घरं आणि कचरा बरोकडे. १९९६ मध्ये काउंटी रद्द होऊन सगळा कारभार पुन्हा एका छताखाली आला. २००२ पासून महापौरही थेट लोकांमधून निवडला जाऊ लागला.

दरम्यान ज्या लोखंडानं शहर घडवलं, ते ओसरलं. २०१५ मध्ये जवळच्या रेडकारची पोलाद भट्टीही विझली. कारखाना गेल्यावर शहराकडे काय उरतं? उरतात रस्ते, बागा, शाळा, आणि ते सांभाळणारं, आपल्या मतावर चालणारं कौन्सिल.

मिडल्सबरोचं बोधवाक्य आहे लॅटिनमधलं ‘एरिमुस’. अर्थ : आम्ही असू. कंपनी हे वचन देऊ शकत नाही. ते द्यायला नगरपालिकाच लागते. पुढच्या वेळी वॉर्डाची निवडणूक आली की एवढं आठवा.