रणभूमीवरून आकाशाशीं संभाषण

श्रोतेहो, शाळामास्तरास सर्वांत अधिक कोणीं शिकविलें असेल, तर तें त्याच्या विद्यार्थ्यांनीं. मी नोकरींत असतांना एकदां आमच्या शाळेची सहल अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयांत गेली होती. त्या शहराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. निरनिराळ्या देशांचे रणगाडे तेथें ओळीनें उभे आहेत. मुलें तोफांच्या नळ्यांशीं उंची मोजूं लागलीं. एक मुलगा मात्र एका गाडीच्या पाठीवरील जाड स्प्रिंग आणि तींतून वर गेलेली लांब काठी पाहत उभा राहिला. “गुरुजी, ही छडी येथें कशाला?” मीं सांगितलें, “बिनतारी यंत्राची एरियल आहे ती.” त्यावर त्यानें विचारलें, “मग ती अशी लवचीक कां? आणि डोक्यावर विमान असलें तर त्यालाही ऐकूं जातें का?”

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, इतिहास शिकविणारा मनुष्य. मला उत्तर देतां आलें नाहीं. “पाहून सांगतों,” असें म्हणून मीं वेळ मारून नेली. त्या पाहण्यांत पुढें बरींच वर्षें गेलीं. त्याचें फळ आज आपणांपुढें ठेवीत आहें.

संदेशाचें मोल मराठी मुलास निराळें सांगावें लागत नाहीं. 1660 सालीं घोडखिंडींत बाजीप्रभु लढत होते आणि त्यांचे कान विशाळगडावरच्या तोफांकडे लागले होते, ही कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलों आहों. परंतु त्या तोफेच्या संदेशांत एक उणीव होती. तो एकाच बाजूनें येणारा होता. खिंडींतील मनुष्यास गडाकडे उलट कांहीं कळवितां येत नव्हतें. पुढें अडीच शतकांनीं विमान निघालें, तेव्हां हीच उणीव नव्या रूपानें उभी राहिली.

पहिल्या महायुद्धांत विमानांतून तोफखान्यास निशाण सांगण्याची पद्धत निघाली. विमानाच्या पोटाखालून लांब तार सोडीत, तिच्या टोकास शिशाचें वजन बांधीत आणि मोर्सच्या कडकट्ट भाषेंत खालीं संदेश धाडीत. परंतु वर ऐकण्याचें यंत्र बहुधा नसे. म्हणून खालचे लोक जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या पसरून उत्तर देत. आपल्या वायव्य सरहद्दीवर तर पुढेंही दोन खांबांमध्यें दोरी ताणून तिला चिठ्ठी बांधीत. विमान खालीं झेप घेई आणि आंकड्यानें ती चिठ्ठी उचलून नेई. आज हंसूं येतें; पण त्या काळीं त्या आंकड्यावर माणसांचे प्राण अवलंबून असत.

पुणेकरांस बिनतारी विद्येची ओळख फार लौकर झाली. 1927 सालीं आपल्या खडकीस आणि तिकडे दौंडास बिनतारी केंद्रें उभीं राहिलीं. खडकीहून संदेश विलायतेस जाई, दौंडास तिकडचा संदेश घेतला जाई. तेथें एरियल म्हणजे उंच मनोऱ्यांवर ताणलेल्या तारांचें मोठें जाळें होतें. मनोरे एका जागीं खिळलेले असत, आणि त्यांची दिशा एकच, विलायतेची. लढाईंत याच्या उलट गरज असते. गाडी नांगरटींतून उसळत धांवते, विमान कोणत्याही दिशेनें येतें, आणि संभाषण मात्र क्षणभरही तुटतां कामा नये. जाळ्याचें काम एका काठीवर येऊन पडतें.

हें संभाषण नसलें म्हणजे काय होतें, याचा दाखला मराठी पलटणींच्या इतिहासांतच आहे. 1944 च्या मार्चांत मणिपुरांतील संगशाक गांवीं 50 वी भारतीय हवाई छत्री ब्रिगेड जपान्यांच्या वेढ्यांत सांपडली. तिच्याबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. पाणी संपत आलें, दारूगोळा संपत आला. विमानें मदत घेऊन आलीं, परंतु आपल्या ताब्यांतील टेकडी इतकी लहान कीं छत्र्यांना बांधलेला बराचसा माल शत्रूच्या हद्दींत पडला. आपलें पाणी डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातीं जातांना पाहणें, ही केवढी शिक्षा! एक बिनतारी काठी असती तर हें सारें टळलें असतें, असें मी म्हणत नाहीं. डोंगरी मुलूख, शत्रूचा मारा, वैमानिकांचा सराव, अशा अनेक गोष्टी तेथें होत्या. परंतु खालच्या मनुष्याच्या डोळ्यांना वरच्या मनुष्याचे कान जोडलेले असले पाहिजेत, हें अशा प्रसंगांतून सर्वांना पटलें. त्याच ब्रह्मदेशाच्या मोहिमेंत पुढें वैमानिक दलाचे अधिकारी जीपगाडींत बिनतारी यंत्र घेऊन पायदळाच्या अगदीं पुढच्या रांगेंत जाऊं लागले. पायदळ काय पाहतें तें ते वैमानिकास त्याच्याच भाषेंत सांगत.

इटलींत याच कल्पनेस पद्धतशीर रूप आलें. 1943 च्या अखेरीपासून तेथें ‘रोव्हर’ नांवाच्या तुकड्या काम करूं लागल्या. उंचवट्यावर एक गाडी, तींत एक वैमानिक अधिकारी आणि एक सैन्याधिकारी, आणि वर भाड्याच्या टॅक्सी जशा तळावर रांगेनें उभ्या राहतात तशीं घिरट्या घालणारीं लढाऊ विमानें. त्या व्यवस्थेस नांवही ‘कॅब रँक’ असेंच पडलें. खालीं आणि वर सारखेच चौकटी आंखलेले नकाशे असत. खालून चौकट सांगावी आणि वरून घाव पडावा.

ह्या इटलीच्या आघाडीवर आपल्या मराठा पलटणी लढत होत्या. 9 एप्रिल 1945 रोजीं सेनिओ नदीवर हल्ला झाला. दुपारीं शेंकडों विमानांनीं बाँब टाकले. मग तोफा आणि विमानें आळीपाळीनें मारा करीत राहिलीं. शेवटच्या खेपेस विमानें झेपावलीं, पण त्यांनीं बाँब टाकले नाहींत. शत्रु डोकें खालीं घालून बसला, आणि तेवढ्या अवधींत पायदळ पुढें सरकलें. क्षणांचा असा मेळ भूमि आणि आकाश यांचें एकमत असल्यावांचून बसत नाहीं. परंतु त्याच दिवशीं शेजारच्या आघाडीवर पोलंडच्या सैनिकांवर मित्रपक्षाचेच बाँब पडले आणि अनेक जीव गेले. एकाच दिवसाचीं हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे ह्या विषयाचें मर्म कळतें.

त्या संध्याकाळीं नामदेव जाधव नांवाचा अहमदनगर जिल्ह्यांतील तरुण शिपाई नदीपार झाला. पलटणींत त्याचें काम काय होतें? तो कंपनीचा निरोप्या होता. बरोबरची तुकडी मारली गेली. त्यानें दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यांतून आणि सुरुंग पेरलेल्या जागेंतून परत आणलें. मग एकट्यानें शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि हात जखमी असतां बांधाच्या माथ्यावर उभें राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, मागच्या कंपन्यांना हात हालवून बोलाविलें. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. श्रोतेहो, सर्व यंत्रें थकलीं म्हणजे मनुष्यालाच असें एरियल व्हावें लागतें: उंच जागीं, उघड्यावर, सर्वांना दिसेल असें.

आतां त्या मुलाच्या प्रश्नांकडे वळूं. बिनतारी लहर एका सेकंदांत तीस कोटी मीटर जाते. सेकंदांत तीन कोटी कंपनें असलीं, म्हणजे यंत्रावर 30 मेगाहर्ट्झ आंकडा असला, तर एक लहर दहा मीटर लांब होते. काठी लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी असली म्हणजे तिला ती लहर उत्तम मानवते. गाडीचें लोखंडी अंग उरलेलें काम करतें. म्हणून 30 ला अडीच मीटरची काठी हवी. परंतु त्याच सैन्याचीं यंत्रें 88 पर्यंत जातात. तेथें काठी पाऊण मीटरहून थोडी अधिक पुरे. विमानांशीं बोलण्यास महायुद्धांत 100 ते 156 चा पट्टा वापरीत. पुढें लढाऊ विमानांसाठीं 225 ते 400 चा पट्टा ठरला. 400 ला काठी एक वीतभरही पुरते.

मग एकाच गाडीवर किती काठ्या लावाव्या? आणि शत्रु ऐकूं नये म्हणून आजचीं यंत्रें सेकंदांत अनेक वेळां आपला आंकडा बदलतात. तितक्या वेळां काठी कोण बदलणार? म्हणून रुंद पट्ट्याची एरियल निघाली. तिचें अंग जाड करतात, कारण बारीक तारेपेक्षां जाड अंगास अनेक लहरी मानवतात. बुडाशीं तारेचीं वेटोळीं आणि रोधक घालून यंत्राशीं तिचें जमवून देतात. यांत कांहीं शक्ति उष्णता होऊन वायां जाते. सर्वांशीं बरें बोलणारा कोणा एकाशीं उत्कृष्ट बोलत नाहीं, हा व्यवहार येथेंही चुकत नाहीं.

काठी लवचीक कां? झाडाच्या फांद्या, खडड्यांचे हिसके, पाऊस, धूळ. ताठ काठी पहिल्याच आंब्याच्या फांदीस मोडेल. म्हणून बुडाशीं स्प्रिंग आणि वर काचतंतूंची काठी. लव्हाळ्यानें पुरांत कसें टिकावें हें आपण मुलांना शिकवितोंच. आणि डोक्यावरच्या विमानास ऐकूं जातें का? येथें मला सर्वांत मोठें आश्चर्य वाटलें. उभी काठी चोहोंकडे क्षितिजाच्या बाजूस चांगली बोलते, पण आपल्या टोकाच्या सरळ रेषेंत ती जवळजवळ मुकी असते. दुरून तिरपें येणारें विमान स्पष्ट ऐकतें; नेमकें माथ्यावर आलें कीं आवाज क्षीण होतो. त्या मुलानें नेमकी नाजूक जागाच धरली होती!

ह्या काठीचा एक दोषही सांगितला पाहिजे. जी काठी मित्रास हांक मारते, तीच शत्रूस पत्ता सांगते. ज्या गाडीवर अधिक काठ्या, तींत अधिकारी बसला आहे, हें शत्रूचा नेमबाज दुरूनच ओळखतो. म्हणून ती ठेंगणी करण्याचा, एकींतच अनेकींचें काम उरकण्याचा खटाटोप चालतो. रुंद पट्ट्याची एरियल ही केवळ सोय नव्हे, तें गाडींतील माणसांचें कवच आहे.

शेवटचा दाखला स्वतंत्र भारताचा. 4 डिसेंबर 1971 च्या रात्रीं राजस्थानांतील लोंगेवालाच्या चौकीवर शत्रूचे रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांनीं मूठभर शिपायांनिशीं रात्र काढली. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्रीं हल्ला करतां येत नव्हता. पहाट झाली आणि विमानें आलीं. मेजर आत्मासिंग आपल्या लहानशा कृषक विमानांतून रणगाड्यांवर घिरट्या घालीत त्यांना मार्ग दाखवीत राहिले. रात्रभर ज्यांनीं पहाटेची वाट पाहिली, त्यांना वरून येणाऱ्या त्या गर्जनेचा अर्थ आपणां घरीं बसलेल्यांस पुरता कळणें कठीण.

घोडखिंडींत तोफेची वाट पाहणारा, संगशाकला आकाशाकडे पाहणारा, सेनिओच्या बांधावर हात हालविणारा आणि लोंगेवालाच्या वाळूंत पहाटेची वाट पाहणारा, हे चौघे मला एकाच घरचे वाटतात. “मी येथें आहें, मला ओळख,” एवढेंच ते म्हणत असतात. ती लवचीक काठी दुसरें काय बोलते?

तो मुलगा आतां कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्याच्या गुरुजींनीं आपला शब्द उशिरानें कां होईना, पाळला, एवढें त्यानें समजावें.