एका समुद्राच्या कांठचे विद्यार्थी

सामाईक विहिरीचें पाणी सारें गांव भरतें. पण तिचा गाळ कोणीं उपसावा असा प्रश्न निघाला, कीं प्रत्येकजण शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवितो. युरोपच्या उत्तरेस असलेल्या बाल्टिक समुद्राची अवस्था विसाव्या शतकांत अशीच झाली होती.

बाल्टिकचें क्षेत्रफळ सुमारें ४ लक्ष चौरस किलोमीटर असलें, तरी त्याची सरासरी खोली अवघी ५५ मीटरच्या आसपास आहे. महासागराशीं त्याचा संबंध डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून येतो. त्यामुळें त्यांतील पाणी पालटण्यास २५ ते ३० वर्षें लागतात, आणि एकदां आंत आलेली घाण लवकर बाहेर जात नाहीं. शेतांतील खतें व शहरांचें सांडपाणी यांच्याबरोबर नत्र व स्फुरद समुद्रांत उतरतात. त्यांवर शेवाळ माजतें. तें मरून तळाशीं कुजूं लागलें म्हणजे पाण्यांतील प्राणवायु संपतो व तळचे जीव गुदमरतात. विषारी द्रव्यांचा उपद्रव याहून निराळा. १९६६ मध्यें सोरेन येन्सेन या स्वीडिश शास्त्रज्ञानें मासे व समुद्रगरुड यांच्या शरीरांत पीसीबी हें कारखान्यांतील द्रव्य सांपडल्याचें जाहीर केलें. डीडीटी व पीसीबी यांच्यामुळें गरुडांच्या घरट्यांत अंडीं असत, पण पिलें क्वचितच निघत.

अपराध कोणा एकाचा नव्हता; परंतु एकत्र बसणें सोपें नव्हतें. समुद्राच्या दोन्ही बाजूंस परस्परांकडे संशयानें पाहणारीं राष्ट्रें होतीं. तरीही २२ मार्च १९७४ रोजीं हेलसिंकी येथें ७ राष्ट्रांनीं समुद्ररक्षणाच्या करारावर सह्या केल्या. त्यांत सोव्हिएट संघ होता, तशाच पूर्व व पश्चिम अशा दोन्ही जर्मनी होत्या. १९८० मध्यें हा करार अमलांत आला.

करारानें सरकारें बांधलीं जातात, लोकांचीं मनें नव्हेत. हें दुसरें काम शाळांकडे आलें. युनेस्कोनें १९५३ मध्यें सुरू केलेल्या सहयोगी शाळांच्या संघटनेच्या आश्रयानें, फिनलंडच्या पुढाकारानें, १९८९ मध्यें ‘बाल्टिक समुद्र प्रकल्प’ आरंभिला गेला. कांठच्या निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी आपापल्या ठिकाणचें पाणी, नद्या, किनारे व पक्षी यांचें निरीक्षण करूं लागले. झाडांवर वाढणाऱ्या दगडफुलावरून हवेची शुद्धता पारखण्यासही ते शिकले.

या उद्योगाचें मर्म एका गोष्टींत आहे: मोजण्याची रीत सर्वांची एकच असावी. पाण्याचा नितळपणा मोजण्याची पद्धत अँजेलो सेक्की या इटालियन ज्योतिर्विदानें १८६५ मध्यें आजमावली. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यांत सोडावयाची आणि ती दिसेनाशी होईल ती खोली टिपावयाची. या कामास मौल्यवान यंत्र लागत नाहीं. नजर व सचोटी लागते. स्वतःच्याच रीतीनें काढलेला आंकडा दुसऱ्यास सहज नाकारतां येतो. परंतु पोलंडच्या व स्वीडनच्या मुलांनीं एकाच रीतीनें मोजलेले आंकडे शेजारीं मांडले, म्हणजे त्यांस राष्ट्राभिमानाचा रंग चढत नाहीं. आपल्या गांवची नदीही या दूषित पाण्यांत भर घालते, हें मग विद्यार्थ्याला कोणी सांगावें लागत नाहीं.

प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षीं, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत खुली झाली. १९९० मध्यें जर्मनी एक झाली. १९९१ मध्यें एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुआनिया स्वतंत्र झालीं. कांठचीं ७ राष्ट्रें होतीं, त्यांचीं ९ झालीं. ध्वज बदलले, नकाशे बदलले. समुद्र मात्र तोच राहिला, आणि त्याला मोजण्याची रीतही.

डीडीटी व पीसीबी यांवर निर्बंध आल्यावर समुद्रगरुडांचीं घरटीं पुन्हां पिलांनीं भरूं लागलीं. उलट, तळाशीं सांचलेलें स्फुरद अद्याप वर येत असतें व उन्हाळ्यांत शेवाळ आजही माजतें. शाळेंतील मुलांनीं समुद्र स्वच्छ होत नाहीं, हें उघड आहे. तें काम सरकारांचें, शहरांचें व शेतकऱ्यांचें. पण शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपला वांटा मोजून पाहण्याची संवय ज्या पिढीला लागली, तिच्याशीं करार करणें शेजाऱ्यांस अधिक सोपें जातें.