गोठू नये म्हणून आले, उकळू नये म्हणून राहिले

करंजा बंदरावर रेवसच्या लाँचची वाट पाहत उभे राहिले की एक गोष्ट सहज नजरेस पडते. इंजिन चालू असलेल्या बोटीच्या अंगातून पाण्याची एक धार सारखी समुद्रात पडत असते. आमच्याबरोबर सहलीला आलेल्या नववीच्या मुलांना वाटले, बोटीत पाणी शिरले असावे आणि ते उपसले जात असावे. वास्तविक ते इंजिनाची उष्णता घेऊन बाहेर पडणारे समुद्राचेच पाणी होते. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, "मग मोटारीला नुसते पाणी का चालत नाही? बाबा रेडिएटरमध्ये हिरवे औषध घालतात. डब्यावर बर्फाचे चित्र असते. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?"

प्रश्न नेमका होता. जिथे पाणी कधीच गोठत नाही, तिथे गोठण रोखणारे द्रव कशाला? याचे उत्तर रसायनशास्त्रात जितके आहे, तितकेच मोटारीच्या इतिहासात आहे.

इंजिनात इंधन जळते तेव्हा सिलिंडरमधील वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. इंधनातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच चाके फिरवण्याच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेली बहुतेक उष्णता इंजिनाच्या धातूतून बाहेर काढावी लागते. ती काढली नाही तर सिलिंडरचे झाकण, म्हणजे 'हेड', वाकते आणि इंजिन निकामी होते.

१८८६ साली कार्ल बेंझने पेटंट घेतलेल्या मोटारीत सिलिंडरभोवती पाणी होते. ते उकळून वाफ होऊन जाई आणि जाताना उष्णता नेई. १८८८ साली त्यांची पत्नी बर्था मुलांना घेऊन या मोटारीने लांबच्या प्रवासाला निघाली, तेव्हा तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. पाणी वाया न घालवता तेच फिरवत राहावे, या विचारातून रेडिएटर आला. १९०१ च्या मर्सिडीज मोटारीसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या. फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये तर बहुतेक काळ पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, थंड झालेले खाली येई. आपण वर्गात चंचुपात्रात रंगाचा खडा टाकून दाखवतो तेच हे अभिसरण.

पाण्याची मर्यादा आपल्याकडे घाटात कळे. मुंबईहून पुण्याला जाणारा रस्ता पनवेलवरून जातो. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, अर्थात तो बैलगाड्यांसाठी होता. पुढे त्याच घाटातून मोटारी चढू लागल्या. चढणीला इंजिनावर भार जास्त आणि वेग कमी, म्हणून रेडिएटरला वाराही कमी. शिवाय दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. खंडाळ्याला पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकण उघडे टाकून वाफा सोडत उभ्या असलेल्या मोटारी आणि शेजारी पाण्याचा डबा घेतलेला ड्रायव्हर, हे दृश्य जुन्या मंडळींना आठवत असेल.

थंड देशांत अडचण उलटी होती. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. रात्री उघड्यावर ठेवलेल्या मोटारीचे इंजिन सकाळी तडकलेले सापडे. उपाय रसायनशास्त्राला ठाऊक होता. पाण्यात काहीही विरघळवले की गोठणबिंदू खाली जातो. मग विरघळवायचे काय?

येथे पुन्हा करंज्याकडे येऊ. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये उरण-करंजा हा पनवेल तालुक्याचा पोटविभाग आहे. त्या काळी या बेटाचे दोन धंदे प्रसिद्ध होते, मिठागरे आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या. गंमत अशी की युरोप-अमेरिकेतील मोटारवाल्यांनी सुरुवातीला जे दोन उपाय करून पाहिले, तेही क्षार आणि मद्यार्क हेच! कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाने पाणी गोठेना, पण धातू खाल्ला जाऊ लागला. मद्यार्क धातूला बरा, पण मिथेनॉल ६५ अंशांना आणि इथेनॉल ७८ अंशांना उकळते. इंजिन तापले की तो उडून जाई आणि पुढच्या थंडीत मालकाची फसगत होई.

हवे होते असे द्रव, जे पाण्यात पूर्ण मिसळेल पण उडून जाणार नाही. ते प्रयोगशाळेत आधीच तयार होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल आदोल्फ वुर्त्झ यांनी १८५६ साली इथिलीन ग्लायकॉल बनवले होते. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश. मात्र स्वस्तात ते विसाव्या शतकातच बनू लागले आणि १९२७ साली अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने मोटारींसाठी बाजारात आले. विद्यार्थ्यांना एक कोडे घालावे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांना गोठते, पाणी शून्याला. मग दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले तर? उत्तर आहे सुमारे उणे ३७ अंश. दोघेही एकमेकांच्या स्फटिक बनण्यात अडथळा आणतात.

याच मिश्रणाचा दुसरा गुण उष्ण देशांच्या कामी आला. ते पाण्यापेक्षा उशिरा, साधारण १०७ अंशांना उकळते. त्यात रेडिएटरचे झाकण दाब धरणारे झाले. आत वातावरणापेक्षा एक बार जास्त दाब असला की साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि मिश्रण तर १२९ च्या आसपास टिकते. मात्र ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याहून कमी आहे. म्हणून 'औषध जास्त तर थंडावा जास्त' हा समज चुकीचा. रोल्स-रॉईसच्या 'मर्लिन' या विमान-इंजिनात आधी शुद्ध ग्लायकॉल होते. पुढे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल, तेही दाबाखाली, असा बदल झाला.

पण आमच्या मते कोकणातल्या मोटारीला शीतकाची खरी गरज तिसऱ्याच कारणाने आहे, ती म्हणजे गंज. इंजिनात लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे, डाख असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात भिजतात आणि त्याचा विद्युत्घट बनतो. उरणसारख्या भागात विहिरीचे पाणी मचूळ असेल तर हा घट आणखी जोमाने चालतो आणि क्षारांचे थर साचून बारीक नळ्या बुजतात. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या अनेक बोटींत म्हणूनच जस्ताची कांडी बसवतात. जस्त आधी झिजते आणि इंजिन वाचते. जहाजाच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी ही युक्ती हम्फ्री डेव्हीने १८२४ साली सुचवली होती. अनेक बोटींत तर समुद्राचे पाणी फक्त उष्णता नेते. इंजिनाच्या आत वेगळे गोडे पाणी आणि शीतक फिरते. मोटारीला समुद्र नाही, तिच्याजवळ आहे ते मोजके लिटर द्रव. त्यातच गंजरोधके मिसळलेली असतात. ती मात्र हळूहळू संपतात. ग्लायकॉल संपत नाही, गंजरोधक संपते. म्हणून शीतक बदलायचे.

जुन्या हिरव्या शीतकात सिलिकेटसारखी अकार्बनी गंजरोधके असत आणि ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सेंद्रिय आम्लांची शीतके आली. ती पाच वर्षेही टिकतात. एकात दुसरे मिसळले तर आयुष्य घटते, कधी साकाही बनतो. येथे एक सावधगिरी हवी. रंग हा फक्त रंग आहे. हिरवे, लाल, निळे यांचा कोणताही सर्वमान्य नियम नाही. निवड करावी ती मोटारीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकारावरून. मिसळायचे पाणी ऊर्ध्वपातित किंवा क्षारविरहित असावे. बदलताना इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम असताना झाकण उघडले तर दाब एकदम उतरतो, १०० अंशांच्या वरचे द्रव क्षणात उसळते आणि हात-तोंड भाजते. जुने द्रव काढावे, आतला भाग स्वच्छ पाण्याने धुवावा, नवे मिश्रण भरून हवेचे बुडबुडे काढावेत. काढलेले शीतक गटारात किंवा खाडीत ओतू नये. ते चवीला गोड पण विषारी असते. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. ते मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

वर्गात हे दाखवायचे तर शीतकाची गरज नाही. तीन बाटल्यांत लोखंडी खिळे ठेवा. एकीत नळाचे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी, तिसरीतही मिठाचेच पाणी, पण तिथल्या खिळ्याला जस्ताची पट्टी तारेने घट्ट बांधा. आठवड्याने मुलांनाच निष्कर्ष काढू द्या.

आम्ही त्या मुलीला सांगितले, डब्यावरचे बर्फाचे चित्र खोटे नाही, ते जुने आहे. हे द्रव थंडीसाठी जन्मले, उन्हाळ्यात उपयोगी ठरले आणि गंजाशी लढण्यासाठी आपल्याकडे राहिले. तोवर लाँच धक्क्याला लागली होती. मुले तिच्या अंगातून पडणाऱ्या धारेखाली हात धरून पाहू लागली. पाणी कोमट होते.