प्रवरेच्या उगमाकडे जाताना



पावसाळा लागला की अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला माणसांची रीघ लागते. मुंबईच्या, पुण्याच्या, नाशिकच्या गाड्या भंडारदऱ्याचा वळणावळणाचा रस्ता चढू लागतात. कोणी रंधा धबधबा पाहतो, कोणी कळसूबाईचे शिखर गाठतो, कोणी रतनगडाच्या नेढ्यात बसून वारा खातो. ‘काय निसर्ग आहे!’ असे म्हणत मंडळी संध्याकाळी माघारी फिरतात. म्हणणे खरेच आहे. पण या खोऱ्यात निसर्गाच्या जोडीला माणसांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला तर पाहिलेले अर्धेच राहते. म्हणून आज तुम्हाला प्रवरेच्या काठाकाठाने थोडे हिंडवून आणावे म्हणतो.

आधी नदीची ओळख करून घेऊ. अहमदनगर जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. या जिल्ह्याच्या अगदी पश्चिमेला सह्याद्रीची मोठी भिंत उभी आहे. तिथे रतनगड आणि कुलंग यांच्या डोंगरात प्रवरा उगम पावते. तिथून पूर्वेला सुमारे 200 किलोमीटर वाहत जाऊन नेवासे तालुक्यात टोके इथे ती गोदावरीला मिळते. उगमापाशी घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. खाली नेवाशाकडे 500-600 मिलिमीटर पडला तरी शेतकरी देवाचे आभार मानतो. एकच नदी, पण वरच्या टोकाला पाण्याचा पूर आणि खालच्या टोकाला पाण्याची आस! या खोऱ्याचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो, बरं का.

इथले डोंगर काळ्या पाषाणाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा उसळला, थरावर थर बसले आणि हा दगड तयार झाला. मग पाण्याने तो कापला. साम्रदजवळची सांदण दरी पाहा. दोन्ही अंगांना उंच कातळ, मध्ये अरुंद फट, आणि तिच्यातून वाट. या दरीतले पाणी मात्र प्रवरेला मिळत नाही, ते खाली कोकणात उतरते. म्हणजे साम्रदच्या माळावर पडलेला थेंब अरबी समुद्राला जायचा की गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला, याचा निकाल काही पावलांच्या अंतरावर लागतो. गुरुजी, ‘जलविभाजक’ हा शब्द फळ्यावर लिहून मुलांना जितका समजेल, त्याहून अधिक इथे उभे राहून समजेल. मात्र पावसाळ्यात सांदणीत उतरू नये. पाण्याचा लोंढा कधी येईल याचा नेम नसतो.

आता माणसांकडे वळू. या नदीच्या काठी शेती करणारा माणूस फार जुना. खाली मैदानात दायमाबाद इथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उत्खननात सापडली. तिथेच 1974 साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी काशाची भरीव शिल्पे हाती लागली. संगमनेरजवळचे जोर्वे हेही प्रवरेकाठचेच. तिथल्या खापरांवरून एका साऱ्या प्राचीन संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव पडले. आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासेही याच नदीच्या काठी. वर उगमाजवळ रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव दगडी देऊळ आहे. ते शिलाहारांच्या काळातले मानतात. एवढ्या आडरानात, धो धो पावसात, हजारएक वर्षे ते उभे आहे. लोक प्रवरेला ‘अमृतवाहिनी’ म्हणतात ते उगीच नाही.

हे वरचे खोरे महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे. भात, नागली, वरई ही त्यांची पिके. हिरडा-बेहडा ही रानाची देणगी. इंग्रजी अंमल आला, सावकारी बोकाळली आणि कर्जापायी जमिनी जाऊ लागल्या. तेव्हा याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे बंड करून उठले. सावकारांच्या वह्या आणि सरकारची सत्ता या दोहोंशी त्यांनी वैर धरले. या डोंगरांनी त्यांना आसरा दिला. शेवटी ते पंढरपुरात पकडले गेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आज ज्या कड्यांवर आपण छायाचित्रे काढतो, ते कडे एके काळी बंडखोरांची लपण्याची जागा होते.

त्यानंतर धरण आले. खालच्या मुलखात दुष्काळ वारंवार पडे, म्हणून वरचा पाऊस अडवायचे सरकारने ठरवले. 1910 साली भंडारदऱ्याचे काम सुरू झाले आणि 1926 साली पुरे झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले. सुमारे 82 मीटर उंचीची ही दगडी भिंत सुमारे 11 अब्ज घनफूट पाणी धरते. 1969 साली भिंतीला तडे आणि गळती आढळली, तेव्हा मागून दगडी टेकू देऊन ती बळकट करावी लागली. धरणाच्या पायथ्याशी छत्रीसारखा पसरणारा ‘अंब्रेला’ धबधबा दिसतो ना? तो धरणाच्या मोरीतून पाणी सोडले की वाहतो आणि मोरी बंद केली की थांबतो. खाली सुमारे 170 फूट कोसळणारा रंधाही आता धरणातून किती पाणी सुटते याकडे पाहूनच जोर धरतो.

हे पाणी ओझरच्या बंधाऱ्यापाशी डाव्या-उजव्या कालव्यांत शिरते आणि मैदानात पसरते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला, आणि तिथला पहिला गळीत हंगाम 1950-51 सालचा. महाराष्ट्रातल्या सहकाराची ही मोठी कमाई आहे, आणि तिचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण हिशेब पुरा मांडायचा तर दुसरी बाजूही लिहायला हवी. जलाशयाखाली जमिनी गेल्या त्या वरच्या लोकांच्या. पाऊस कोसळतो तो त्यांच्याच डोक्यावर. आणि वैशाख आला की त्याच घाटमाथ्यावरच्या कित्येक वाड्यांत बाया हंडा घेऊन झरा शोधत डोंगर उतरतात. समोर अथांग जलाशय, आणि घरात घोटभर पाण्याची चिंता! तेव्हा जलाशयाची शोभा पाहताना ही गोष्ट मनाच्या कोपऱ्यात असू द्या. खालच्या शेतकरी बंधूंनी तर कालव्याचे पाणी शेताला देताना ती जरूर आठवावी.

आता जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. 1646 मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर, आणि तिथून हरिश्चंद्रगडापर्यंतचे रान 1986 पासून अभयारण्य आहे. मे अखेरीला, पहिल्या पावसाच्या आधी, इथली झाडे काजव्यांनी लुकलुकतात. तो उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना घातलेली साद असते. मोटारीचे दिवे आणि बॅटऱ्या लावल्या की ती साद हरवते. तेव्हा दिवे विझवा, गोंगाट करू नका, आणि प्लॅस्टिकचा कचरा आपल्या पिशवीतून परत न्या. जेवण गावातल्या घरी घ्या आणि वाटाड्या गावचाच करा. म्हणजे या खोऱ्याने दिलेल्या आनंदाचे चार पैसे या खोऱ्यातच राहतील.

आणि गुरुजी, सहल नेलीत तर मुलांना एक काम द्या. रतनवाडीच्या ओढ्यातला एक थेंब टोक्याच्या संगमापर्यंत कुठून कुठून जाईल, वाटेत त्याला कोण अडवील, कोण वापरील आणि कोणाच्या वाट्याला तो येणार नाही, हे वहीत लिहायला सांगा. ती वही म्हणजे प्रवरेचा इतिहासच होईल.